मैदानात बरोबर, चहाला बाहेर : बाळू पालवणकर यांची खेळातली कमाई

"खेळून कुणाचं पोट भरलंय, दादा? तुम्हीच सांगा याला."

अंबरनाथच्या एका वस्तीत एका रविवारी हा प्रश्न आमच्यापुढे आला. विचारणाऱ्या ताई घरकाम करतात. त्यांचे यजमान एमआयडीसीतल्या एका कंपनीत कंत्राटदाराच्या हाताखाली आहेत. मुलगा दहावीत. दिवसभर मैदानावर असतो. डाव्या हाताने गोलंदाजी करतो आणि म्हणे चेंडू असा वळवतो की मोठी मोठी पोरे चकतात. आईला त्याचे कौतुक आहे आणि काळजीही आहे. वडील खाली मान घालून चहा पीत होते. "दहावी सुटू दे, मग बघू," एवढेच ते बोलले.

हा एका घरचा प्रश्न नाही. उल्हासनगरच्या कॅम्पांमधून, अंबरनाथच्या कामगार वसाहतींमधून, बदलापूरला उल्हास नदीच्या बाजूने, सुट्टीच्या दिवशी जिथे मोकळी जागा दिसेल तिथे आपली पोरे खेळताना दिसतात. कुणी कबड्डीत चांगला, कुणी क्रिकेटमध्ये, कुणी धावण्यात. आणि प्रत्येक घरात हाच वाद. खेळ म्हणजे वेळ फुकट घालवणे की खेळ हाही एक धंदा, एक नोकरी?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्ही सव्वाशे वर्षे मागे जातो. कारण आपल्यासारख्याच अस्पृश्य ठरवलेल्या घरातला एक माणूस केवळ चेंडूच्या जोरावर पोट भरून, इंग्लंड गाजवून आला होता. त्याचे नाव बाळू पालवणकर. आपल्या घरातल्या किती पोरांना हे नाव ठाऊक आहे?

तीन रुपये महिना

बाळू यांचा जन्म १८७५ च्या सुमारास धारवाडला झाला. घराणे चर्मकार समाजातले. पालवण हे मूळ गाव, म्हणून पालवणकर. वडील लष्करी खात्याच्या नोकरीत असल्याने बालपण पुण्यात गेले. गोरे शिपाई क्रिकेट खेळत, ते बघत आणि त्यांनी टाकून दिलेल्या सामानावर खेळत ही भावंडे मोठी झाली. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल असे हे चार भाऊ, आणि चौघेही पुढे नामांकित खेळाडू झाले.

बाळूंची पहिली नोकरी खेळाडूची नव्हती. पुण्यातल्या एका पारशी क्रिकेट क्लबात मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले, तेव्हा एक रुपया वाढला. खेळपट्टी तयार करा, जाळी उभारा, रेषा आखा, हीच कामे.

त्या क्लबातले गोरे साहेब सराव करताना कुणीतरी चेंडू टाकायला हवा असे. ते काम बाळूंकडे आले. जे. जी. ग्रेग नावाचे एक नामांकित फलंदाज होते. त्यांना बाळू तासन् तास चेंडू टाकत. आपल्याला बाद केले की ग्रेगसाहेब बाळूंना आठ आणे देत, अशी एक आख्यायिका सांगितली जाते. खरी असो वा नसो, त्यातला हिशोब आपल्याला कळण्यासारखा आहे. महिन्याचा पगार चार रुपये, आणि साहेबाला आठ वेळा बाद केले की तेवढेच पैसे! अशा सरावाने हात तयार होणार नाही तर काय होणार?

बाळू डावखुरे फिरकी गोलंदाज होते. फिरकीत वेगाचे काम नसते. चेंडू हवेत थोडा जास्त वेळ ठेवायचा, फलंदाजाला पुढे ओढायचे आणि टप्पा पडल्यावर चेंडू आत येतो की बाहेर जातो हे त्याला कळू द्यायचे नाही. ही कला बोटांची आणि धीराची. ती बाळूंना कुठल्या शाळेने शिकवली नाही, रोजच्या कामाने शिकवली. पण एक गोष्ट बघा. त्या क्लबात इतकी वर्षे गोलंदाजी करूनही त्यांच्या हातात कधी कुणी बॅट दिली नाही. चेंडू टाकणे हे कष्टाचे काम, ते गड्याने करायचे. फलंदाजी हा साहेबाचा मान!

मातीचा पेला

बाळूंची कीर्ती पुण्याच्या हिंदू खेळाडूंच्या कानावर गेली. त्यांना गोऱ्यांच्या संघाला हरवायचे होते आणि त्यासाठी असा गोलंदाज हवाच होता. पण जात आडवी आली. संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला. शेवटी घेतले. जिंकायचे होते ना!

घेतले ते कसे? मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावीत. बाळूंनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडू झेलीत आणि परत बाळूंच्या हातात देत. तिथे विटाळ नव्हता. पण चहाची वेळ झाली की बाकीचे आत चिनीमातीच्या कपातून चहा पीत आणि बाळूंना बाहेर, वापरून फेकून द्यायच्या मातीच्या पेल्यात चहा मिळे. तोंड धुवायचे तर अस्पृश्य जातीतलाच गडी पाणी घालायला येई. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी.

वाचक बंधु-भगिनींनो, हे वाचताना आपल्या आजोबांच्या गोष्टी आठवल्या नाहीत तरच नवल. बळी घ्यायला हात चालतो, पेला द्यायला चालत नाही. गिरणीत सुद्धा असेच नव्हते का? यंत्रावर घाम चाले, पण धागा तोंडाला लावायचा असे त्या खात्यात प्रवेश नव्हता.

पुढे बाळूंनी सामने जिंकून दिले. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या संघाला पुण्याच्या हिंदूंनी हरवले ते मुख्यतः बाळूंच्या गोलंदाजीवर. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी तेव्हा उघडपणे बाळूंची बाजू घेतली. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाण्यापिण्यात भेद कसला, हा त्यांचा सवाल होता. हळूहळू बंधने ढिली झाली. पण ती विजयामुळे ढिली झाली हे विसरता येत नाही. बाळू साधारण गोलंदाज असते तर पेला मातीचाच राहिला असता.

मुंबई आणि रेल्वेची नोकरी

१८९६ साली मुंबईत प्लेग आला, मग पुण्यातही पसरला. त्याच सुमारास पालवणकर कुटुंब पुण्याहून मुंबईला आले. तिथेही परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना घ्यायला काही सभासदांचा विरोध झाला. पण कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह धरला आणि बाळू हिंदू संघात आले.

पोटासाठी त्यांनी बी.बी.सी.आय. रेल्वेत नोकरी धरली. म्हणजे आजची पश्चिम रेल्वे. रेल्वेच्या संघाकडूनही ते खेळत. इथे आपण जरा थांबू. त्या काळी खेळाडूला खेळासाठी पगार असा नव्हताच. राजेरजवाडे आणि श्रीमंत शेटिये हौसेने खेळत. गरिबाला खेळायचे तर कुठल्या तरी कचेरीत, लष्करात किंवा रेल्वेत चाकरी हवी. रेल्वेच्या नोकरीने बाळूंना महिन्याची भाकरी दिली, म्हणून ते वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत खेळू शकले. आजही रेल्वे आणि पोलीस खाते खेळाडूंच्या कोट्यातून भरती करते. त्या कोट्याचे महत्त्व कळायला बाळूंची गोष्ट पुरे आहे.

१९०६ सालच्या फेब्रुवारीत मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. गोऱ्यांचा डाव १९१ आणि १०२ वर आटोपला. १०९ धावांनी विजय! दोन्ही डाव मिळून आठ बळी बाळूंचे. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवले, आणि हरवणारा कोण, तर ज्याला गावात पाणवठ्यावर येऊ देत नव्हते तो. त्या दिवशी मैदानाबाहेर उभ्या राहिलेल्या आपल्या माणसांना काय वाटले असेल याची आपण कल्पनाच करावी.

१९११ : इंग्लंडची स्वारी

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. त्यात बाळू होते आणि शिवरामही होते. संघाची कामगिरी सामान्यच झाली. २३ सामन्यांपैकी १५ हरले. पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ गडी बाद केले. वय छत्तीस, खांदा दुखावलेला, थंडी-पाऊस आणि परका मुलूख. तरीही ११४ बळी!

परत आल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराच्या मानपत्राशी तरुण भीमराव आंबेडकरांचे नाव जोडलेले आहे, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवले आहे. भीमराव तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते. कोलंबिया अजून पुढे होते, महाड पुढे होते. एक चेंडूने आणि दुसरा लेखणीने, असे दोघे त्या काळी एकाच भिंतीला धडका देत होते.

प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत बाळूंनी १७९ बळी घेतले. एका बळीमागे १५ हून थोड्या अधिक धावा. आजच्या जाणकारांनाही हा आकडा थक्क करणारा वाटतो.

कर्णधारपद मात्र नाही

एवढे सगळे असून बाळू हिंदू संघाचे कर्णधार कधी झाले नाहीत. १९१० नंतर दरवर्षी त्यांचे नाव निघे आणि दरवर्षी मागे पडे. १९१३ साली एम. डी. पै कर्णधार झाले. हा मान बाळूंना मिळायला हवा होता असे त्यांनी स्वतः सांगितले. निवड करणाऱ्यांना ते पटले नाही. अस्पृश्याच्या हुकमाखाली सवर्णांनी खेळायचे, ही कल्पना त्यांना सोसली नाही.

१९२० साली भडका उडाला. पै सुरुवातीला उपलब्ध नव्हते. बाळूंना संघातूनच वगळले होते आणि कर्णधारपद विठ्ठलना न देता तरुण दि. ब. देवधरांना दिले गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली आणि हा जातीचा अन्याय आहे असे जाहीर निवेदन काढले. विचार करा, हा एक प्रकारचा संपच होता. ज्या खेळाने नाव दिले तो खेळच सोडून द्यायची तयारी! शहरात चर्चा झाली, वृत्तपत्रांतून लिहिले गेले. अखेर अंतिम सामन्याला दोघे भाऊ परत आले, बाळूंना उपकर्णधार केले गेले आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेल्यावर बाळूंनी संघ चालवला. एका थोर खेळाडूच्या वाट्याला नेतृत्व आले ते एवढेच.

पण त्या माघारीचे फळ धाकट्या भावाला मिळाले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली. लोकांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून नेले. उचलणाऱ्यांत सवर्णही होते. विठ्ठल यांनी पुढे १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिले. आपल्या माणसाने आपली कहाणी स्वतः लिहून ठेवली, म्हणून ती आज सांगता येते.

१९३७ ची निवडणूक

इथे एक अवघड गोष्ट सांगायची आहे. ती झाकून ठेवली तर आम्ही वाचकांशी प्रामाणिक राहणार नाही.

बाळू पुढे राजकारणात गेले ते बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३५ साली बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, तिला त्यांनी विरोध केला. आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने बाबासाहेबांच्या समोर उभे केले ते बाळू पालवणकरांनाच. बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाकडून उभे होते. त्यांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. बाबासाहेब निवडून आले.

म्हणून काय आपण बाळूंचे नाव पुसून टाकायचे? काही घरांत तसेच झाले आहे. आम्हाला ते पटत नाही. आमचे म्हणणे असे की, त्यांच्या राजकारणाचा न्याय त्या निवडणुकीत मतदारांनी केला. पण मातीचा पेला हातात घेऊन जो माणूस परत मैदानात गेला आणि बळी घेऊन आला, त्याचे कष्ट कोणत्याही निवडणुकीत हरत नाहीत. शिवाय एक प्रश्न आपण स्वतःला विचारावा. चर्मकार, महार, मातंग अशा जातींना एकमेकांसमोर उभे करून तिसऱ्याने आपला उमेदवार पुढे करायचा, हा डाव १९३७ ला संपला का? बाळूंवर रागावण्याआधी तो डाव ओळखायला शिकले पाहिजे.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. पुढच्याच वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली.

साता समुद्रापार तीच गोष्ट

हे फक्त आपल्याकडेच घडले असे समजू नये. ऑस्ट्रेलियात त्यांचा स्वतःचा असा एक फुटबॉल आहे. लंबगोल चेंडू, लंबगोल मैदान, एका बाजूला अठरा खेळाडू. चेंडू लाथेने मारायचा किंवा मुठीने ठोसायचा, फेकायचा नाही. आपल्याकडे क्रिकेटचे वेड तसे तिकडे या खेळाचे, आणि आज त्यातले खेळाडू भरपूर पगार घेतात.

त्या देशाचे मूळ रहिवासी म्हणजे आदिवासी. त्यांच्यापैकी डग निकोल्स नावाचा तरुण १९२७ साली कार्लटन या मोठ्या क्लबात गेला. तिथे त्याच्या रंगावरून त्याला इतकी हीन वागणूक मिळाली की त्याला क्लब सोडावा लागला. त्याच्या अंगाला मालीश करायलाही कुणी तयार नव्हते. चेंडू चालतो, अंग चालत नाही. मातीच्या पेल्याचाच हा भाऊ! पुढे १९३२ साली तो फिट्झरॉय क्लबात आला. सुरुवातीला खोलीत एकटाच बसे. तेव्हा हेडन बंटन हा त्या काळचा सर्वात गाजलेला गोरा खेळाडू उठून त्याच्या शेजारी जाऊन बसला. एवढी साधी कृती, पण तिने पुष्कळ काही बदलले. निकोल्स पुढे धर्मोपदेशक झाले, आपल्या लोकांच्या हक्कांसाठी लढले आणि १९७६ साली एका राज्याचे राज्यपाल झाले.

पुढे १७ एप्रिल १९९३ रोजी निकी विनमार या आदिवासी खेळाडूला प्रेक्षकांनी रंगावरून शिव्या दिल्या. त्याने सामना संपल्यावर सदरा वर केला आणि आपल्या काळ्या कातडीकडे बोट दाखवले. ते छायाचित्र जगभर गेले. १९९५ साली मैदानावरच्या वांशिक शिवीगाळीविरुद्ध नियम झाला.

नियम झाला म्हणून सगळे संपले का? ॲडम गुड्स हा तर दोनदा सर्वोत्तम खेळाडूचे पदक मिळवलेला, ३७२ सामने खेळलेला, २०१४ साली 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' ठरलेला आदिवासी खेळाडू. त्याने वर्णभेदाविरुद्ध तोंड उघडले म्हणून मैदाना-मैदानांवर प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. २०१५ साली तो निवृत्त झाला, आणि २०१९ साली त्या खेळाच्या संघटनेने त्याची माफी मागितली. चार वर्षे उशिरा!

मग त्या ताईंना काय सांगितले?

आम्ही त्या ताईंना एवढेच म्हणालो : पोराला खेळू द्या, पण तीन गोष्टींवर लक्ष ठेवा.

पहिली, शाळा सोडू देऊ नका. खांदा एका दिवसात जातो, शिक्षण जात नाही. बाळूंचा खांदा इंग्लंडमध्ये दुखावला तेव्हा त्यांच्या मागे रेल्वेची नोकरी होती. खेळाच्या कोट्यातल्या भरतीलाही पदानुसार शिक्षणाची अट असते. दहावीच्या दाखल्यावाचून चांगली गोलंदाजीही अर्जाच्या टेबलापर्यंत पोचत नाही.

दुसरी, प्रमाणपत्रे जपून ठेवा. शालेय, जिल्हा, राज्य पातळीवर जिथे जिथे खेळेल तिथला कागद पेटीत ठेवा. गल्लीतल्या स्पर्धेतला चषक कपाटावर शोभतो, पण नोकरी मान्यताप्राप्त स्पर्धेच्या कागदावर मिळते. आणि क्रिकेट हाच एक खेळ नाही. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून आपल्या मातीतल्या खेळालाही पैसे मिळू लागले आहेत.

तिसरी, पेल्याकडे बघा. क्लबात, संघात, शिबिरात आपल्या पोराला बाजूला बसवतात का, आडनाव विचारून बोलतात का, हे त्याला घरी येऊन सांगता आले पाहिजे. त्याने सांगितले तर 'जाऊ दे' म्हणू नका. विठ्ठल आणि शिवराम यांनी 'जाऊ दे' म्हटले असते तर १९२३ उजाडले नसते.

ताई गप्प राहिल्या. मुलगा मात्र दारात चेंडू घेऊन उभा होता. त्याने विचारले, "बाळूंचा चेंडू कुठल्या बाजूला वळायचा?"

आम्ही म्हणालो, दोन्ही बाजूंना.

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेले वडील उठले. "चल, मला टाकून दाखव," म्हणाले, आणि कपडे धुवायचा धोका बॅट म्हणून हातात घेऊन मुलाबरोबर बाहेर गेले.